“आत्या, फक्त सही हवी आहे”

दस्ताच्या शेवटच्या पानावर माझा फोटो आहे. अंगठ्याच्या ठशाशेजारी, टपाल तिकिटाहून थोडा मोठा. त्यात मी हसते आहे, कारण दुय्यम निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यावर बसलेला मुलगा म्हणाला होता, “ताई, डोळे उघडे ठेवा, मिटले की परत काढावा लागतो.” ठेवले उघडे. मग साहेबांनी विचारलं, दस्त मान्य आहे ना? मी हो म्हटलं. माहेरच्या आगरातला माझा हिस्सा तिथेच संपला आणि मला ते कळायला पुढे वीस महिने लागले.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा, मग पेन उचला, हे पोरांना किती वेळा बजावलं त्याची मोजदाद नाही. त्यामुळे हे लिहायची लाज वाटते. पण आमच्या पट्ट्यात अजून बऱ्याच जणींच्या सह्या व्हायच्या बाकी आहेत.

आमचं गाव दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधे, त्या समुद्रालगतच्या रस्त्यावर. नाव देत नाही, नात्यातली माणसं अजून तिथे राहतात. आगर २२ गुंठ्यांचं. वर माड, खाली पोफळी, मधे जायफळाची चार झाडं, एक विहीर आणि कडेने समुद्राकडे जाणारी पाखाडी. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारपर्यंत पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. २२ गुंठ्यांचे झाले ११ हजार. सातबाऱ्यावर नावं १९. प्रत्येकी सहाशेसुद्धा नाहीत! कल्याण-डोंबिवलीला राहणारे चुलतभाऊ हा हिशोब ऐकून हसले आणि म्हणाले, काढून टाकू या. दलाल गावात फिरायला लागले ते याच सुमाराला. त्याआधी आमच्या बाजूला गिऱ्हाईक फारसं नव्हतं, सगळी गर्दी अलिबागला. मुंबईहून गाड्या घेऊन येणारी मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, शिवडीचा सागरी सेतू होणार होता (तो १२ जानेवारी २०२४ ला उघडला), आणि अलिबागचे भाव ज्यांना झेपेनात ते खाली सरकत मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडे आले. आता तर दिघीचं औद्योगिक शहर मंजूर झाल्यापासून प्रत्येक दलालाच्या तोंडी दिघी आहे.

माझे वडील १९९८ साली गेले. वारसनोंद झाली तेव्हा भावाचं नाव मुख्य रकान्यात लागलं आणि माझं ‘इतर हक्क’ या रकान्यात. त्या काळी बहिणींची नावं तिथेच जायची. कोणी हरकत घेतली नाही, मीही नाही. भाऊ २०१५ ला गेला, त्याच्या जागी भाचा आला. भाचा गुणी. निदान मी तसं समजत होते. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी श्रीवर्धनहून रात्रीची एसटी पकडून आला होता.

जानेवारी २०२२ मध्ये त्याचा फोन आला. “आत्या, तुझं नाव अजून इतर हक्कातच आहे. आता कायदा बदलला, मुलींना सारखा हिस्सा. ते नाव मेन रकान्यात घेऊ या. पुढच्या वादळाची भरपाई तरी तुझ्या खात्यात येईल. फक्त सही हवी आहे.”

यातलं निम्मं खरं होतं, आणि माझी फसगत त्या निम्म्यानेच केली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क आला. वडील त्या आधी वारले असले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हे आम्हा बहिणींच्या आधी दलालांना समजलं. बहिणीची सही नसेल तर उद्या दावा लागेल, म्हणून ती आधी घ्यायची. मला हक्क मिळाल्याचं सांगून माझ्याकडून तोच हक्क काढून घेतला. (वारसनोंद दुरुस्त करायला तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे जावं लागत नाही, फोटो-अंगठा तर मुळीच नाही. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच.)

त्या दिवशी कार्यालयात गर्दी होती. पनवेलहून आलेला एक माणूस फाइल घेऊन बसला होता. भाच्याने ओळख करून दिली, “हे आपलं कागदाचं काम बघतात.” पानांना पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या होत्या, सही करायच्या जागी. तो चिठ्ठीपाशी पान उघडायचा, बोट ठेवायचा, मी सही करायची, तो पुढे उलटायचा. पहिलं पान शेवटपर्यंत त्याच्या तळहाताखाली राहिलं. मी चष्मा पर्समधून काढला होता हो, पण भाचा चहा घेऊन आला आणि म्हणाला, “चार वाजता लाइन बंद होते आत्या.” नंतर छापून आलेल्या दस्त गोषवाऱ्यावरही सही केली. त्यावर दस्ताचा प्रकार ठळक लिहिलेला असतो: हक्कसोडपत्र. मी माझ्या नावाचं स्पेलिंग तेवढं तपासलं.

आत लिहिलं होतं की मी माझा हिस्सा भाच्याच्या लाभात, राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय आणि कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे. चहा मात्र दिला होता.

मे २०२२ मध्ये सगळ्यांनी मिळून खरेदीखत केलं. सगळेच फसले असं मी म्हणणार नाही. काहींनी समजून उमजून, पैसे मोजून घेऊन विकलं. त्यांची जमीन, त्यांचा निर्णय. मला सरळ विचारलं असतं तर कदाचित मीही सही दिली असती, एवढं तरी खरं लिहायला हवं. माझ्या वडिलांच्या वाट्याचे साडेपाच गुंठे, त्याचे भाच्याला सहा लाख मिळाले. शिवाय जुळवून आणलेल्या प्रत्येक सहीमागे पाच हजार, हे त्याच्या बायकोनेच मला रडत सांगितलं.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस निघाली होती. कायद्याने हरकतीला १५ दिवस असतात. पण पत्ता गावच्या घराचा आणि घर बंद. नोटीस दाराला चिकटवलेली, पावसाने निम्मी धुतलेली, मला सापडली सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीला गेले तेव्हा. दार उघडायच्या आधी ती वाचली, तीही शाई फुटलेली. मग तशीच मागच्या बाजूने आगराकडे गेले. दगडी गडगा नव्हता. त्या जागी पत्रे, लोखंडी गेट, आणि गेटवरच्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, “मॅडम, किधर जाना है?” मला उत्तर सुचलं नाही. विहीर त्याच्या मागे दिसत होती. तिच्या काठावर आमच्या आजीने पितळेच्या हंड्याने पाडलेली खळगी आहे, ती तिथून दिसते का ते मी बघत राहिले.

पाखाडी गेटच्या आत गेली आहे. कोळीवाड्यातल्या बायका आता मासळीच्या पाट्या घेऊन अर्धा किलोमीटर वळसा घालतात. आगराच्या कडेचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, तांबड्या मातीच्या भरावाखाली गेला. त्या पावसाळ्यात त्याचं पाणी खालच्या तीन घरांत शिरलं, पूर्वी कधी शिरत नव्हतं. पाण्याचं तर विचारू नका. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. रहाटाने उपसून झाडांना सोडायचं, पावसाने पुन्हा भरायचं, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. आता रांगेने बोअर पडल्या, एका बंगल्याला पोहायचा तलाव आहे, आणि पंप दिवसरात्र चालले की खालचं खारं वर येतं. मार्चमध्ये शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. त्या घरी मी जन्मापासून चहा पीत आले आहे. त्या दिवशी तो नासला. दूध फाटलं.

आणि आता दुसरी बाजू. त्याच गेटशी मला पुण्याची एक बाई भेटली, चाळिशीची, नवऱ्याबरोबर आलेली. मला वाटलं, हीच ती, जिने माझं आगर घेतलं. तिला वाटलं, मी प्लॉटवाल्यांची कोणी आहे. दहा मिनिटं आम्ही एकमेकींवर आवाज चढवला. मग तिने कागद दाखवले. दोन गुंठे, १४ लाख, नोटरी केलेला साठेकरार, म्हणजे पुढे विकू एवढंच कबूल करणारा कागद. नोंदणी नाही, सातबाऱ्याला नाव नाही. “एनए प्रोसेसमध्ये आहे” (एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी) असं दीड वर्षं ऐकते आहे. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे तुकडेबंदी कायद्यात बसत नाहीत, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे घेताच येत नाही. तिच्या सासरी कोणाचीच शेती नाही. दलाल म्हणाला होता, दाखला आम्ही बघतो.

सगळ्यात हुशारीचं खोटं समुद्रापासूनच्या अंतराचं. तिला सांगितलं होतं की सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नवे नियम आलेत, आता ५० मीटरच सोडायचे. २०१९ च्या अधिसूचनेत तसं आहे, पण दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे. विरळ वस्तीच्या गावांना भरतीरेषेपासून २०० मीटरचा ना-विकास पट्टा तसाच आहे. आमच्या आगराचा पुढचा गडगा ते सुरूचं बन, मी लहानपणी धावत जायचे तेव्हा शंभर आकडेही मोजून होत नसत. तिथे तिने लाकडी कॉटेज टाकायला घेतलं, आणि तहसीलचे लोक येऊन थांबवून गेले. पाया नाही, चाकं लावली की चालतं, असंही दलाल म्हणाला होता. वर रेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर विचारला तर, आपलं छोटं काम आहे, लागत नाही. ५०० चौरस मीटरच्या वर प्लॉटिंग असेल तर तो लागतो. २२ गुंठे म्हणजे दोन हजारांच्याही वर.

ती आता मला काकू म्हणते. तिचं घर होऊ नये असं मला अजूनही वाटतं, आणि तिचे पैसे परत मिळावेत असंही वाटतं.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र आपण एकटीने जाऊन रद्द करू शकत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात दावाच लावावा लागतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मी चार महिन्यांत लावला, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) फेरफाराविरुद्ध अपीलही केलं. निबंधक कार्यालयाला दोष देऊन उपयोग नाही, ते मालकी तपासत नाहीत, माणूस आणि कागद समोर आहे एवढंच बघतात. वकील म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका, हा मुद्दा समोरचा पहिल्याच तारखेला काढेल.” काढला.

जे मी केलं नाही ते सांगते. सातबारा घरबसल्या महाभूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावात कुठले फेरफार चालू आहेत ते दिसतं. महिन्याला एकदा गावाचं नाव टाकून बघायला चहा उकळण्याइतका वेळ लागतो. दाराला चिकटवलेल्या नोटिशीवर अवलंबून राहू नका, आपली घरं वर्षातले अकरा महिने बंद असतात. आणि कोणताही कागद आदल्या दिवशी मागा, पहिल्या पानासकट. कार्यालयात वाचू म्हणाल तर वाचून होत नाही, मागे रांग असते आणि माणूस संकोचतो.

खालचा पट्टा संपत आला, म्हणून आता दलालांची नजर वरच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीवर आहे. तिथून समुद्र दिसतो. गेल्या आठवड्यात माझ्या चुलतबहिणीला भाच्याचा फोन आला, तीही त्याची आत्याच. इतर हक्कातलं नाव, मेन रकाना, फक्त सही. तिने त्याला म्हटलं, येते की, पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाक.

त्याने अजून टाकलेला नाही.