मांसासाठी काय पोसावं: रेडकू की बोकड?

गोठ्यात चार-पाच म्हशी असलेल्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. नर रेडकू जन्मलं की ते वाढवून विकायचं, की तेवढाच पैसा बोकडांत घालायचा? गाय-बैलांचा विचार इथे करायचा नाही. १९७६च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईची कत्तल बंद होतीच, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. मोठ्या जनावराच्या मांसाचा धंदा आता म्हैसवर्गावरच उभा आहे.

रेडकू घरचं, म्हणून फुकट वाटतं. पण ते दूध पितं. रोज तीन लिटरप्रमाणे दोन महिने पाजलं तर १८० लिटर होतं. लिटरला ५० रुपये धरले तरी ९,००० रुपये डेअरीऐवजी त्याच्या पोटात गेले. शहराजवळच्या तबेल्यांत नर रेडकं फार दिवस जगत नाहीत, त्यामागे हाच हिशेब असतो. पुढचे पंधरा महिने रोज दीड किलो खुराक घातला, तर पावणेसात क्विंटल होतो. किलोला २८ रुपयांनी साधारण १९,००० रुपये. म्हणजे २५० किलोंचं जनावर उभं करायला वैरण आणि मजुरी सोडून २८,००० रुपये गेले. जिवंत वजनाला किलोमागे ११२ रुपयांच्या खाली भाव आला की तोटा सुरू.

भाव मात्र तुमच्या हातात नसतो. बाजारात रेडा वजनावर नव्हे, नगावर जातो. रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो आणि व्यापाऱ्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते. शिवाय या मांसाचा मोठा भाग परदेशी जातो, तिकडची मागणी हलली की इथला दर हलतो. कागदपत्रांचं वेगळंच. कानात बारा अंकी बिल्ला हवा, वाहतुकीला पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि म्हैस किंवा रेडकू कापायचं तर सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. वाटेत गाडी अडवली गेली तर मनस्ताप वेगळा. त्यामुळे व्यापारी ती जोखीम आधीच भावातून कापून घेतो.

बोकडाचं गणित उलटं आहे. इथे सुरुवातीलाच रोख जाते. १५ किलोंची उस्मानाबादी जातीची दहा पिल्लं ४०० रुपये किलोने घेतली तर ६०,००० झाले. सहा महिने रोज पाव किलो भरडा म्हणजे ३० रुपये किलोने १३,५०० रुपये. त्याच दराने ३० किलोंवर विकली तर १,२०,००० येतात. हातात ४६,५०० राहतात, त्यातून चारा, औषध, मजुरी जायची. पण विकायच्या सुमारास एक जरी मेलं तर त्यातले १२,००० गेले. म्हणून पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस चुकवायची नाही, हे मी खुराकाच्याही आधी सांगेन. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर बांधलेला कळप बघता बघता आजाराने बसतो.

बोकडाचा खरा फायदा विक्रीत आहे. पैसे अडले तर एकच काढून गावच्या खाटकाला देता येतो, चाकणच्या बाजाराची वाट बघावी लागत नाही. बकरी ईदचा भाव मिळवायचा तर वर्ष पूर्ण झालेला, शिंग न मोडलेला, न लंगडणारा बोकड लागतो. पण ही तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हा पिल्लांची खरेदी गेल्या वर्षीच्या तारखेवर ठरवू नका.

माझं मत बोकडाकडे झुकतं. अपवाद एकच: ऊसपट्ट्यात ज्याच्याकडे वाढं (उसाचे शेंडे), मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) घरचंच आहे आणि खुराक निम्म्यावर आणता येतो, त्याने एक-दोन रेडकं ठेवून बघावीत. जन्मताच चीक पाजायचाच, जंताचं औषध वेळेवर द्यायचं, आणि पहिलं जनावर काढताना वजनकाट्यावर घालूनच व्यापाऱ्याशी बोलायला बसायचं. विकत वैरण आणून मात्र रेडा पोसू नये.