द्राक्षाच्या थंड खोलीत आयटूसी सेन्सर: लिनक्स ड्रायव्हरच्या कसोटीवर कोणता घ्यावा?

पिंपळगाव किंवा निफाडच्या प्री-कूलिंग खोलीत तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावायचा म्हटलं, की बहुतेक जण सेन्सर किंमत पाहून निवडतात. निवडायला हवा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कर्नलमधला भाग, पाहून. हे परीक्षण त्यासाठीच: बुकवर्म आवृत्तीच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये आयटूसी बसवरच्या (दोन सिग्नल-वायरींवर अनेक चिप जोडायची पद्धत) एसएचटी३१, बीएमई२८० आणि एएचटी२० या तीन सेन्सरांना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कितपत सांभाळून घेतो, आणि कुठे हात वर करतो. निकाल आधीच सांगून टाकतो. एसएचटी३१ घ्या, बीएमई२८० घेतलाच तर चिप तपासून घ्या, आणि एएचटी२० एकच लावायचा असेल तरच विचारात घ्या.

इंटरनेटवर सापडणारे बहुतेक धडे पायथनची लायब्ररी टाकायला सांगतात. टेबलावर खेळण्यापुरतं ते ठीक. पण नोंद ठेवणारा एक प्रोग्राम आणि अलार्म देणारा दुसरा असे दोघं एकाच सेन्सरशी बोलू लागले, की एकाने दिलेल्या आज्ञेचं उत्तर दुसरा उचलून नेतो आणि मधेच एखादा भलताच आकडा नोंदीत घुसतो. कर्नलचा ड्रायव्हर मध्ये असला की तो दोघांना रांगेत उभं करतो. शिवाय आकडा साध्या फाइलमधून वाचता येतो, म्हणजे शेल, पीएचपी, नोड-रेड काहीही चालतं.

मांडणी छोटी आहे. /बूट/फर्मवेअर/ मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी: 'डीटीपॅरम=आयटूसी_आर्म=ऑन' आणि 'डीटीओव्हरले=आयटूसी-सेन्सर,एसएचटी३एक्स'. रीबूट करून 'आयटूसीडिटेक्ट -वाय १' चालवा. तक्त्यात सेन्सरच्या ४४ या पत्त्याच्या जागी 'यूयू' दिसलं की घाबरू नका. तो पत्ता कर्नलच्या ड्रायव्हरने ताब्यात घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ. याच अवस्थेत पायथन लायब्ररी चालवली तर 'डिव्हाइस बिझी' येतं, आणि काही लायब्रऱ्या जबरदस्तीचा मार्ग वापरून आत घुसतात, ते आणखी वाईट. दोघांपैकी एकच ठेवा. कॉन्फिग फाइल न बदलता पटकन चाचणी घ्यायची असेल तर बसच्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलमध्ये सेन्सरचं नाव आणि पत्ता लिहिला तरी ड्रायव्हर बसतो, फक्त रीबूटनंतर ते राहत नाही.

एसएचटी३१ चा ड्रायव्हर कर्नलच्या एचडब्ल्यूमॉन (हार्डवेअरवर देखरेख) विभागात आहे. 'टेम्प१_इनपुट' मध्ये १२४० दिसलं तर ते १.२४ अंश, आर्द्रताही तशीच हजारपट. इथे एक नेहमीची ठेच: एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ हे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात. आज सेन्सरचा आकडा देणारी फाइल उद्या प्रोसेसरचं तापमान देईल आणि खोलीत ४८ अंश झाल्याचा मेसेज रात्री दोनला सगळ्यांना जाईल. त्यामुळे वाट '१-००४४' या बस-पत्त्याच्या फोल्डरमधूनच काढावी.

या ड्रायव्हरची खरी जमेची बाजू 'अपडेट_इंटरव्हल' मध्ये आहे. मूळ किंमत ० असते, म्हणजे दर वाचनाला सेन्सरला नवी आज्ञा जाते. ती तशीच ठेवा. १००० वगैरे लिहून सतत मोजणी सुरू केली आणि मध्येच सेन्सरची वीज क्षणभर गेली, तर सेन्सर ती अवस्था विसरतो, ड्रायव्हरला मात्र ते कळत नाही आणि पुढची वाचनं अडतात. किंमत ० असेल तर वीज परतली की पुढचं वाचन आपसूक बरोबर येतं. विजेचा लपंडाव चालतो अशा शेडमध्ये हा फरक मोठा आहे.

द्राक्षाच्या खोलीत तापमान ०-१ अंश आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के. अशा ओल्या हवेत सेन्सर दिवसेंदिवस राहिला की आर्द्रतेचा आकडा वर सरकतो. ८० टक्क्यांच्या वर ६० तास राहिल्यास ३ टक्क्यांपर्यंत सरक येऊ शकते, असं उत्पादकाच्या डेटाशीटमध्येच आहे. ड्रायव्हर 'हीटर_एनेबल' ही फाइल देतो. त्यात १ लिहिलं की चिपमधला छोटा हीटर चालू होतो आणि दव पडलेलं असेल तर सुकायला मदत होते. मात्र हीटर चालू असताना आणि बंद केल्यावर चिप निवेपर्यंतची वाचनं टाकून द्या, नाहीतर खोली तापल्याचा भास होईल.

बीएमई२८० बद्दल तक्रार ड्रायव्हरची नाही, बाजाराची आहे. नाशिकच्या एम. जी. रोडवर असो की ऑनलाइन, बीएमई२८० म्हणून हाती पडणारं मॉड्यूल पुष्कळदा बीएमपी२८० निघतं. दाब आणि तापमान मिळतं, आर्द्रता नाहीच. पैसे देण्याआधी नाही जमलं तरी परत करायच्या मुदतीत ड्रायव्हर न बसवता 'आयटूसीगेट -वाय १ ०x७६ ०xडी०' चालवा. उत्तर ०x६० आलं तर बीएमई, ०x५८ आलं तर बीएमपी. खरा निघाला तर कर्नलच्या आयआयओ या दुसऱ्या विभागातला ड्रायव्हर व्यवस्थित चालतो. दाब किलोपास्कलमध्ये येतो आणि नाशिकच्या उंचीवर तो साधारण ९४ ते ९५ च्या घरात हवा. १०१ दिसत असेल तर कुठलातरी प्रोग्राम समुद्रसपाटीची दुरुस्ती परस्पर लावतो आहे. तरीही थंड खोलीला हा सेन्सर नको. ० ते ६५ अंशांत त्याच्या तापमानाची अचूकता ±१ अंश, एसएचटी३१ ची ±०.२. जिथे १ अंशाचा पट्टा राखायचा तिथे ±१ चा काय उपयोग? कांदाचाळीत चालून जाईल.

एएचटी२० स्वस्त आहे, अलीकडच्या कर्नलांत ड्रायव्हरही आहे, पण पत्ता ३८ हा एकच, बदलता येत नाही. दोन लावायचे तर बस वाटून देणारा मल्टिप्लेक्सर आला, मग स्वस्ताई कसली. एसएचटी३१ ला ४४ आणि ४५ असे दोन पत्ते मिळतात.

आता वायर. चांगल्यातला चांगला ड्रायव्हर इथे काही करू शकत नाही. आयटूसी १९८२ च्या सुमारास फिलिप्समध्ये जन्मला तो एका पेटीतल्या चिप एकमेकींशी जोडायला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेण्यासाठी नव्हे. बसची एकूण धारिता (कपॅसिटन्स) ४०० पिकोफॅरडच्या आत हवी, आणि साधी लॅन केबल मीटरला ५० च्या आसपास खाते. पायवर १.८ किलो-ओहमचे पुल-अप, म्हणजे लाइन वर खेचून धरणारे रोध, बसवलेलेच असतात. ४०० पिकोफॅरडवर त्यांच्यासोबत सिग्नल चढायला सुमारे ०.६ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला १ मायक्रोसेकंदाची मुभा असल्याने ते निभतं, ४०० किलोहर्ट्झला मुभा ०.३ ची, तिथे फसतं. म्हणून लांब वायरीवर 'आयटूसी_आर्म_बॉडरेट' १०००० वर आणा. तापमान मिनिटाला एकदा वाचायचं आहे, घाई कोणाला आहे?

लॅन केबल वापरताना एसडीए (डेटा) आणि एससीएल (क्लॉक) या वायरी एकाच पिळात घालू नका, एकमेकांत सिग्नल मिसळतो. एसडीएला ग्राउंडसोबत पिळा, एससीएललाही दुसऱ्या ग्राउंडसोबत. आणि चार मॉड्यूल जोडले की प्रत्येकावरचे ४.७ किलोचे पुल-अप पायच्या पुल-अपशी समांतर येऊन एकूण ०.७ किलोच्या आसपास येतात. लाइन खाली खेचताना चिपला ४ मिलिअँपिअर ओढावे लागतात, हमी ३ ची. एक सोडून बाकीच्या मॉड्यूलांवरचे पुल-अप उतरवून टाका. २-३ मीटरच्या पुढे जायचंच असेल तर पीसीए९६१५ सारखी डिफरन्शियल चिप घ्या, नाहीतर सरळ आरएस-४८५ मोडबस सेन्सर लावा. सातपूर-अंबडच्या पॅनेलवाल्यांना त्याची सवय असते.

बिघडलं तर 'डीमेसेज', म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीतला, त्रुटी-क्रमांक वाट दाखवतो. पाय ४ पर्यंतच्या नियंत्रकावर -१२१ म्हणजे सेन्सरने उत्तरच दिलं नाही: पत्ता चुकला, वायर सुटली किंवा वीज नाही. -११० म्हणजे व्यवहार अर्ध्यात लटकला. वाचन चालू असताना पाय रीबूट झाला तर सेन्सर एसडीए खाली धरून बसतो, आणि नुसत्या रीबूटने तो सुटत नाही, कारण सेन्सरची वीज गेलेलीच नसते. सेन्सरची वीज जीपीआयओ पिनवरून देऊन तोडायची युक्ती बरी, पण जीपीआयओ २-३ वर ती अर्धवटच चालते. पायवरच्या पुल-अपमधून चिपला चोरून वीज मिळत राहते. त्यासाठी 'आयटूसी-जीपीआयओ' ओव्हरले लावून बस २३ आणि २४ वर न्या आणि मॉड्यूलचे पुल-अप त्याच कापता येणाऱ्या विजेवर ठेवा. जुन्या पाय बोर्डांवर क्लॉक धरून ठेवणाऱ्या सेन्सरांना हार्डवेअर नीट सांभाळत नाही, तो दोषही याच ओव्हरलेने टळतो.

ड्रायव्हरचा खरा उणेपणा एकच: बूटच्या वेळी सेन्सर सापडला नाही तर तो पुन्हा शोधायला जात नाही. पाय यूपीएसवर आणि सेन्सर दुसऱ्या सप्लायवर असेल तर हे होणारच. ड्रायव्हरच्या 'बाइंड' फाइलमध्ये '१-००४४' लिहिलं की तो परत बसतो. ही ओळ ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांसाठी टाकून ठेवा. आधीच बसलेला असेल तर नुसती त्रुटी येते, नुकसान काही नाही.

निर्यातीच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइडचे पॅड असतात. ओलावा आणि तो वायू मिळून तांब्याला खातात, तेव्हा नुसत्या खोचायच्या ड्यूपॉन्ट वायरी नकोत. सोल्डर करून वर कन्फॉर्मल कोटिंग (सर्किटवरचा संरक्षक थर) द्या, मात्र सेन्सरच्या तोंडावर थेंबही नको.

तारीख-वेळेसाठी त्याच बसवर डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल बसवताना त्याला पिन १ वरून ३.३ व्होल्ट द्या, पिन २ वरून ५ नव्हे. ५ दिल्यास मॉड्यूलचे पुल-अप पायच्या पिनांवर ५ व्होल्ट आणतात, आणि चार्जिंगचा डायोड असलेल्या मॉड्यूलमध्ये साधा सीआर२०३२ सेल चार्ज होऊ लागतो, जो फुगू शकतो. पाय ५ वर हे मॉड्यूल लागतच नाही, घड्याळ बोर्डवर आहे, फक्त बॅटरी जोडायची.