स्टॉकहोममधली पाल्मे खुनाची पायी सहल: ५ पैकी ३ तारे

मुलाकडे गेले होते तेव्हा केली. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा पाहून बायकोबरोबर चालत निघाले, अंगरक्षक नाही, आणि स्वेआव्हेगन रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठीत गोळी. फुटपाथवर तिथे पाटी आहे. लोक खुशाल तिच्यावरून चालतात. मारेकरी पळाला त्या पायऱ्या चढताना माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून संशयितांची चर्चा मी बसूनच ऐकली: दक्षिण आफ्रिकेची वर्णद्वेषी राजवट, कुर्दांची सशस्त्र संघटना पीकेके, पोलिसांतले कडवे उजवे. स्वीडनच्याच बोफोर्स कंपनीला मात्र गाइडने एकच वाक्य दिलं! तोफांचा भारताशी करार खुनानंतर महिन्याभरातच झालेला. मी टोकलं, तर म्हणाला, पुरावा नाही. मग बाकीच्यांचा कुठे आहे, बाबा? थंडीत जाऊ नका.