४३ एमएमचे ट्यूबलेस ग्रॅव्हल टायर, जुन्या रेल्वेलाइनवर एक सीझन चालवून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सायकलचा नाही, टायरचा आहे. बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर सायकल चालवायला लागल्यापासून माझं मत पक्कं झालंय की तिथे फ्रेम कार्बनची का अॅल्युमिनियमची, गिअर अकरा का बारा, यानं फारसं काही अडत नाही, खाली टायर कोणता आणि त्यात हवा किती यावरच ठरतं की संध्याकाळी हाताला मुंग्या येणार का नाही. आधी मी ३५ एमएमचे टायर ट्यूब घालून वापरायचे, आता पुढे-मागे ७०० बाय ४३ चे (४३ ही एमएममधली रुंदी) ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, लावलेत. मधे बारीक चौकोनी गाठी अगदी जवळजवळ आणि कडेला जरा मोठ्या. कंपनीचं नाव देत नाहीये कारण या घडणीचे टायर बऱ्याच जणांचे मिळतात आणि मला बोलायचंय ते रुंदी आणि हवेबद्दल.

रेल्वेलाइन म्हटलं की लोकांना वाटतं सपाट आहे, आरामात होईल. सपाट आहे हे खरं. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरतं, म्हणून लाइन टाकणाऱ्यांनी टेकडी आली तर ती कापली, खोलगट जागा आली तर भराव घातला नाहीतर पूल बांधला, पण चढ वाढू दिला नाही. न्यूझीलंडची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल (रूळ काढून सायकलसाठी केलेली वाट) १५२ किमीची आहे आणि चढ कुठेही पन्नासात एकच्या, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटरच्या, वर जात नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की फुकटचा उतारही कुठे मिळत नाही! घाटात कसं, चढाला उभं राहून पेडल मारतो, उताराला पाय थांबवतो, तेवढीच पाठीला आणि बुडाला सुटी मिळते. इथे तासन्तास एकाच पोझिशनमध्ये बसून पेडल मारत राहायचं, आणि खालून येणारा प्रत्येक बारीक हादरा थेट सीटमधून आणि हँडलमधून अंगात. ३५ च्या टायरवर ६० किमी झाले की माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं, मी हँडल टेप बदलून बघितली, ग्लोव्हज बदलले, सीटची उंची खालीवर केली, काही फरक नाही. टायर बदलले आणि पहिल्याच मोठ्या राइडला तो त्रास गेला.

रुंदीमुळे हवा कमी ठेवता येते, सगळी मेख तिथे आहे. माझं वजन ६२ किलो आणि थोडं सामान, त्यावर मी पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. आधी ट्यूब होती तेव्हा ४५ च्या खाली जायची हिंमत व्हायची नाही, कारण दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटून साप चावल्यासारखी दोन भोकं पडायची. तुमचं वजन जास्त असेल तर आकडे वाढवा. बघायचं कसं, तर सायकलवर बसून खाली नजर टाका, टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा फुगलेला दिसला पाहिजे, आणि खड्ड्यातून जाताना रिम ठण्णकन वाजला तर हवा कमी झालीय, दोन पीएसआय वाढवा. पंपावरच्या काट्याच्या भरवशावर राहू नका, एवढ्या कमी प्रेशरला तो बऱ्यापैकी चुकतो, वेगळा छोटा गेज घ्या.

आता रस्त्याबद्दल. रेल ट्रेल म्हणून नीट बनवलेल्या लाइनवर बहुतेक वेळा बारीक चुनखडी दाबून बसवलेली असते, अमेरिकेत मिझूरीमधली केटी ट्रेल जवळजवळ ३८६ किमी आहे आणि बहुतेक तशीच. अशा सर्फेसवर हे टायर इतके गुपचूप पळतात की फक्त बारीक सरसर आवाज येतो. पाऊस पडला की मात्र तीच चुनखडी पेस्टसारखी होते, चेनवर, ब्रेकवर, बाटलीवर सगळीकडे बसते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट. घरी आल्या आल्या पाणी मारा, उद्यावर ढकललं तर चेनची वाट लागली म्हणून समजा.

जिथे रूळ आणि स्लीपर उचलून नेले पण मूळची खडी तशीच टाकून दिलीय तिथे मात्र ४३ पण कमीच पडतात. मुठीएवढे धारदार दगड, चाक त्यांच्यावरून जात नाही, त्यांच्या मधे रुतून वळतं. अशाच एका पट्ट्यात मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, कापली गेली. आधी फुस्स, मग पिंढरीवर पांढऱ्या सीलंटचे (ट्यूबलेसमधे ओततात ते भोकं बुजवणारं द्रव) थेंब. उतरून बघितलं तर नखाएवढी चीर आणि तिच्यातून फेस येतोय. चीर खाली येईल असं चाक फिरवून धरलं, मिनिटभर थांबले, फेस कमी झाला पण थांबला नाही, मग प्लग (भोक बुजवायची चिकट रबरी पट्टी) कोंबला, हवा भरली आणि उरलेले ३० किमी त्यावरच आले. काट्याचं पंक्चर असतं तर सीलंटनेच भागलं असतं, तशी दोन तर मला घरी चाक धुताना कळली, बुजलेली. पण साइडवॉलला भरवसा नाही, प्लग आणि एक जादा ट्यूब बरोबर हवीच. आणि असा पट्टा लांब असेल तर सरळ उतरून चाला, मी आता तेच करते.

लाकडी पुलांवर सांभाळून. फळ्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतील तर त्यांच्या फटीत बारीक टायर जातो, ४३ जात नाही, ही मोठी सोय आहे, पण ओल्या लाकडावर कुठल्याच गाठी कामाच्या नाहीत. पुलाच्या आधीच वेग कमी करून सरळ जायचं, मधे ब्रेक नाही, वळण नाही. बोगद्यातही तेच, छतातून पाणी ठिबकत असतं आणि खालची माती गार, ओली, मऊ. अमेरिकेत आयडाहो-मोंटाना हद्दीवरच्या हायावाथा ट्रेलवर टाफ्ट बोगदा तब्बल २.७ किमीचा आहे आणि तिथे दिव्याशिवाय जाऊच देत नाहीत. दिवा चांगला घ्या, टायर कितीही भारी असला तरी अंधारात न दिसलेल्या खड्ड्याला काय करणार.

मला न आवडलेली गोष्ट म्हणजे चिखल. लाइन सोडून शेताच्या वाटेला लागलं आणि चिकण माती लागली की या जवळजवळच्या गाठींमधे ती दोन मिनिटांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि मागचं चाक आपल्या मर्जीनं चालतं. त्यात माझ्या फ्रेममधे जास्तीत जास्त ४५ चाच टायर बसतो, त्यामुळे चिखल अडकून आतल्या बाजूचा रंग खरवडला गेला. घेण्याआधी फ्रेम आणि फोर्कला दोन्हीकडे निदान पाच-सहा एमएम मोकळी जागा राहते का ते मोजा. पावसाळी शेतवाटाच जास्त करत असाल तर हा टायर नका घेऊ, गाठी एकमेकींपासून दूर दूर असलेला घ्या.

बसवायला पहिल्यांदा घाम निघतो. बीड (रिमवर बसणारी टायरची कड) घट्ट आहे, साबणाचं पाणी लावा आणि बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणा, मग शेवटचा तुकडा हातानेच चढतो. हवा भरताना दोनदा ठप्प ठप्प आवाज आला की बसला. मात्र रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आत वळलेली कड नसलेली) असेल तर आधी हा टायर तिला चालतो का बघा आणि बसवतानासुद्धा ७२.५ पीएसआयच्या वर जाऊ नका. सीलंट काही महिन्यांत आत वाळतं, मी दर तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून काडी घालून बघते, ओली आली तर ठीक, कोरडी आली तर नवीन ओतते.

डांबरी रस्त्यावर जरा सुस्त वाटतात पण मला त्याची तक्रार नाही, माझे डांबरी किलोमीटर लाइनपर्यंत पोचण्यापुरतेच असतात. मागच्या टायरच्या मधल्या गाठी आता निम्म्या झाल्यात आणि तो प्लग अजून तिथेच आहे. पुढचा मोठा पल्ला ठरायच्या आधी मागे नवीन लावणार, हाच, याच साइजचा. पुढचा अजून सहज एक सीझन जाईल.