पानांतला उजेड रंगवायचाय: जलरंग, ॲक्रिलिक की तैलरंग?

माध्यम ठरवण्याआधी एक पान तोडून उन्हासमोर धरा. खालून बघितलं तर पोपटी, जवळजवळ पिवळंच, शिरा तेवढ्या गडद. वरून बघितलं की हिरवा थंड पडतो आणि मेणचट त्वचेवर आभाळाची निळसर चकाकी दिसते. पान एकच, उजेड दोन. अमूर्त चित्रातून पानाचा आकार निघून जातो, उरतो तो यातलाच एखादा उजेड. कोणता ठेवायचा ते आधी ठरवा.

पानातून झिरपणारा हवा असेल तर जलरंगाला तोड नाही. इथे पांढरा म्हणजे कागदच. प्रकाश रंगातून आत जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा रंगातूनच गाळून बाहेर येतो. ओल्या पिवळ्यात निळा सोडला की कडा आपसूक विरतात. मात्र झाकलेला पांढरा सहसा परत मिळत नाही. शिवाय वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून ओला असताना मनाला पटेल त्याहून थोडा गडदच लावायचा. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घ्या. पातळ कागदाला लाटा येतात.

ॲक्रिलिक मिनिटांत वाळतं, त्यामुळे एका बैठकीत पाच-सहा पातळ थर चढतात. बिघडलं तर वरून पांढरा फासा आणि पुन्हा सुरू करा. अमूर्तात निम्मा वेळ मत बदलण्यातच जातो, म्हणून नवख्याला मी हेच सुचवेन. फक्त पिवळा जपून निवडा. कॅडमियम पिवळा अपारदर्शक असतो. माझ्या पहिल्या कॅनव्हासवर मी तो शेवटचा थर म्हणून फिरवला आणि खालचा सगळा उजेड गडप! ट्यूबवर पारदर्शकतेची खूण असते, ती बघत जा.

चकाकीसाठी तैलरंग. जाड थाप उभी राहते, आणि जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होत असल्याने दुसऱ्या दिवशीही रंग खरवडता, मिसळता येतो. उतावळ्यांनी मात्र लांब राहावं. ओल्या हिरव्यात लाल शिरला की तपकिरी चिखल.

कवडसे रंगवणार असाल तर गणित उलटं होतं. झाडाखालचे ते गोल म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा, फटी कशाही आकाराच्या असोत. दोन कवडसे एकमेकांवर पडले की ती जागा उजळते. जलरंगाचे दोन थर एकमेकांवर पडले की काळवंडते. तिथे गडद रंगवलेल्या पार्श्वभूमीवर फिका, अपारदर्शक तैलरंगच चालवा.