'ओ', 'बॉरो', 'ड्यू' की 'इंडेटेड'? देण्याघेण्याच्या इंग्रजीत कुठे काय वापरावं

"माझे पाचशे त्याच्याकडे आहेत" म्हटलं की मराठी माणसाला लगेच कळतं: पैसे दिलेत, परत यायचेत. हेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, 'माय मनी इज विथ हिम', की ऐकणाऱ्याला वाटतं पैसे त्याने सांभाळून ठेवलेत. उधारी वाक्यातून गायब! इथे हवं असतं ते ओ-डब्ल्यू-ई हे क्रियापद. उच्चार नुसता 'ओ'. 'ही ओज मी फाइव्ह हंड्रेड.'

आपलं 'देणं लागणे' त्याच्या सगळ्यात जवळ जातं. तरीही बरेच जण 'आय हॅव टु गिव्ह हिम मनी' म्हणून वेळ निभावतात. त्यातून पैसे द्यायचेत एवढं कळतं. ते उधारीचे, मदतीचे की भेटीचे, हे कळत नाही. 'ओ' म्हटलं की शंकेला जागाच उरत नाही.

'बॉरो' आणि 'लेंड' या घटना आहेत. 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं, 'लेंड' म्हणजे उसनं देणं. मराठीत 'उसनं' दोन्हीकडे चालतं, म्हणूनच 'ही बॉरोड मी हिज पेन' असं चुकीचं वाक्य सहज तोंडातून जातं. 'बॉरो'पुढे 'फ्रॉम', 'लेंड'पुढे 'टु' किंवा थेट माणूस, एवढं पक्कं केलं की गोंधळ मिटतो. 'ओ' मात्र घटना नव्हे, स्थिती आहे. पैसे घेतले त्या क्षणी 'बॉरो' संपलं, पण फेडेपर्यंत 'ओ' चालूच. शिवाय काही उसनं न घेताही माणूस देणं लागतो: भाडं, कर, दंड. तिथे 'बॉरो' बसतच नाही.

एक बारकावा मला फार आवडतो. मित्राचं पुस्तक वाचायला आणलंय, तर 'आय बॉरोड हिज बुक'. पण 'आय ओ हिम अ बुक' म्हटलं तर अर्थ पालटतो: त्याला एक पुस्तक देणं माझ्याकडे लागतं, कदाचित त्याचं हरवलं म्हणून. उसनी वस्तू धडधाकट परत करायची असेल, तर तिच्यासाठी 'ओ' नको.

स्थितीदर्शक असल्यामुळे 'आय अॅम ओइंग हिम' म्हणत नाहीत. जूनपासूनची उधारी असेल तर 'आय हॅव ओड हिम द मनी सिन्स जून'. रचना दोन: 'आय ओ रवी द मनी' किंवा 'आय ओ द मनी टु रवी'. 'आय ओ टु रवी' हे अर्धवट राहतं. कशाबद्दल देणं आहे ते सांगायला 'फॉर': 'हाउ मच डू आय ओ यू फॉर द टिकिट्स?' सोबत्यांनी मिळून खर्च केल्यावर विचारायला याहून नेमकं वाक्य नाही.

'ड्यू'चं लक्ष माणसापेक्षा मुदतीवर असतं. 'द रेंट इज ड्यू ऑन द फिफ्थ' यात तारीख कळते, 'आय ओ टू मंथ्स रेंट' यात कोण किती देणं लागतं ते. वसुलीच्या ईमेलमध्ये 'यू ओ अस' सरळ अंगावर येतं. 'द पेमेंट वॉज ड्यू ऑन मंडे' तेच मऊपणे सांगतं. व्यवहाराच्या पत्रात मी हे 'ड्यू'वालं वाक्यच निवडेन.

आता पैशाबाहेरचं. 'आय ओ यू अॅन अपॉलजी': माफी मागायची राहिलीय, आणि ती मागणं माझं कर्तव्य आहे. कर्तव्याची ही छटा शब्दात जुनीच आहे. 'ऑट टु' मधलं 'ऑट' हे मुळात 'ओ'चंच भूतकाळी रूप. 'ओन' म्हणजे मालकी असणं, तेही याच घराण्यातलं. जुन्या इंग्रजीत 'ओ'च्या पूर्वजाचा अर्थच 'जवळ असणं' होता. आज मात्र दोघांची गल्लत महागात पडते: 'ही ओन्स अ हाउस' म्हणजे घर त्याच्या मालकीचं, 'ही ओज' म्हणजे डोक्यावर देणं.

'शी ओज हर सक्सेस टु हर टीचर' यात परतफेड नाही, श्रेय आहे. असं श्रेय देताना बहुधा 'टु'वाली रचना वापरतात. निव्वळ कृतज्ञता व्यक्त करायची असेल तर 'आय अॅम इंडेटेड टु यू'. हे मराठीतल्या 'मी आपला ऋणी आहे' इतकंच औपचारिक. आभारपत्रात शोभतं, गप्पांत जड वाटतं. मित्राने अडचणीत हात दिला तर 'आय ओ यू वन' पुरे. 'इन डेट' लिहिताना मात्र जपावं. 'आय अॅम इन डेट' म्हणजे कर्जबाजारी, 'आय अॅम इन युअर डेट' म्हणजे तुमचा उपकृत. मधला 'युअर' गळला की आभार मानणारा कर्जात बुडालेला दिसतो.

'ओइंग टु' आणि 'ड्यू टु' दोन्हींचा अर्थ 'मुळे'. जुने व्याकरणकार 'ड्यू टु'ने वाक्य सुरू करू देत नसत. आता ते सर्रास चालतं. परीक्षक कडक असेल, तर वाक्याच्या सुरुवातीला 'ओइंग टु' लिहावं.