मलावीतले आठ आठवडे: आधी भिंत रंगवली, मग कामाला लागले

आधी हवेचं सांगते, कारण माहितीपत्रकात ते कुठेच नव्हतं. ‘समर मिशन’, म्हणजे ख्रिस्ती संस्थेमार्फत उन्हाळ्यात परदेशी जाऊन केलेली स्वयंसेवा, म्हटल्यावर मी सुती कपडे, टोपी आणि गॉगल भरून निघाले. दक्षिण मलावीत जून-जुलै म्हणजे चक्क हिवाळा. चहाच्या मळ्यांवर ‘चिपेरोनी’ उतरते, म्हणजे धुकं, भुरभुर पाऊस आणि हाडात शिरणारा गारठा. सीमेपलीकडे मोझांबिकमध्ये त्याच नावाचा डोंगर आहे. चिपेरोनी आली की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. पहिल्या रात्री मी दोन टॉवेल पांघरून झोपले. सकाळी स्वयंपाकघरातल्या बाई न बोलता एक जाड ब्लँकेट ठेवून गेल्या. आठ आठवड्यांत मला मिळालेली ही पहिली खरी सेवा.

मी पेशाने हिशेबनीस आणि रविवार न चुकवणारी ख्रिस्ती. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण जाण्याआधी मी आणखी तीन-चार संस्थांची पत्रकं वाचली होती आणि सगळ्यांचा साचा एकच होता. शुल्क २,६०० डॉलर, विमानभाडं वेगळं. तपशील मागितला तर ‘विश्वासाने पाऊल टाका’ असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा मागितल्यावर एक पान आलं. राहणं-जेवण ७००, गाडी ४५०, विमा १५०, प्रशिक्षण व साहित्य ३००, प्रशासन १,०००. बेरीज बरोबर होती. ज्या गावात आम्ही राबणार होतो, त्या गावाच्या नावापुढे मात्र रकानाच नव्हता.

आम्ही अकरा जण होतो. पहिले दोन आठवडे कठपुतळ्यांचे खेळ आणि शाळेची भिंत. भिंत खरवडली तर खाली निळा रंग, त्याखाली पिवळा. दरवर्षी एक तुकडी येते आणि तीच भिंत रंगवते. गावातला रंगारी आंब्याखाली बसून बघत असायचा. आम्ही गेलो की संध्याकाळी तो येऊन कोपरे नीट करायचा, हे मला नंतर कळलं. त्याला मजुरी कोण देतं हे विचारलं, तर आमच्या गटप्रमुखांनी विषय बदलला.

दर शुक्रवारी एक फॉर्म भरायचा असे. या आठवड्यात किती जणांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगितली, किती जणांनी प्रार्थना केली. मी तो कोराच दिला. जे मोजता येत नाही त्याची पावती मी फाडत नाही. मलावीत तीन चतुर्थांशांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. तिथल्या पाळकांनी मला हसत हसत विचारलं, ‘तुम्ही नेमकं कोणाला सांगायला आलात?’ त्यांच्या उपासनेला मी आठही रविवार गेले. तीन तास, एकामागून एक पाच गायनवृंद, आणि दानार्पणाला प्रत्येक वस्तीचे लोक नाचत पुढे येतात. शेवटी वस्तीवार रक्कम मोठ्याने वाचून दाखवतात. माझा आवडता भाग हाच.

खरं काम अपघाताने सापडलं. आमच्यातल्या एका मुलाला ताप आला, त्याला घेऊन मी मिशनच्या आरोग्य केंद्रात गेले. मलेरिया निघाला. गोळ्या मिळेपर्यंत बसले असताना औषधं देणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर कागदांचा ढीग दिसला आणि माझे हात शिवशिवले.

ढिगाची गोष्ट अशी. मलावीत चर्चची रुग्णालयं आणि दवाखाने ‘चाम’ या संघटनेत एकत्र आहेत. ती १९६६ सालची. या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देतं. शिवाय सरकारशी करार असला तर बाळंतपणासारख्या सेवा रुग्णाला फुकट मिळतात आणि केंद्र त्याचं बिल जिल्हा आरोग्य कार्यालयाला पाठवतं. बिल गेलं नाही किंवा चूक निघून परत आलं, की पैसे अडकतात आणि मग हातमोज्यांपासून सगळ्याची ओढाताण. इथे तीन महिन्यांची बिलं पडून होती. कोणी आळशी होतं म्हणून नव्हे. तो कारकून सकाळी औषधं द्यायचा, दुपारी साठा मोजायचा, मधल्या वेळेत फोनला उत्तरं द्यायचा.

गटप्रमुखांशी थोडं वाजलं, पण तिसऱ्या आठवड्यापासून मी तिथेच. प्रसूती नोंदवही एका बाजूला, बिलाचे फॉर्म दुसऱ्या बाजूला. तिथे प्रत्येक रुग्णाकडे स्वतःची ‘हेल्थ पासपोर्ट’ नावाची छोटी वही असते, तिच्यात सगळा इतिहास. बाई परत आली की वही बघून राहिलेली तारीख भरायची. बिलं परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, गावाचं नाव लिहायचं राहिलेलं. मी कोणाला काही शिकवलं नाही. त्या कारकुनाला सगळं माझ्यापेक्षा जास्त येत होतं. मी फक्त त्याचे रोजचे दोन तास मोकळे केले. आवारात रुग्णांचे नातेवाईक चुली मांडून न्सिमा शिजवत बसलेले असायचे. मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा हाताने खायचा. कोणी ना कोणी हाक मारायचंच.

भाषेची गंमत वेगळीच. चिचेवा या तिथल्या भाषेत ‘कसे आहात’ला ‘मुली ब्वान्जी’ म्हणतात. पहिले दोन दिवस मला वाटत होतं, सगळे मुलींबद्दल काहीतरी विचारतायत. ब्लँटायर शहरातल्या लिंबे भागाच्या बाजारात तर मला थेट विचारायचे, तुमचं दुकान कोणतं? तिथे भारतीय वंशाच्या माणसाला ‘म्वेन्ये’ म्हणतात, आणि म्वेन्ये म्हणजे दुकानदार असं समीकरण पक्कं आहे. दुकान नाही म्हटल्यावर लोक जरा हळहळायचे.

ब्लँटायरची सहल मात्र संस्थेने छान केली. तिथलं सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे विटांचं चर्च १८८८ ते १८९१ मध्ये उभं राहिलं, आणि ते उभारणारे मिशनरी डेव्हिड क्लेमेंट स्कॉट वास्तुरचना शिकलेले नव्हते. कमानी बघून विश्वास बसत नाही. पण डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशावर तासभर बोललेल्या आमच्या गटप्रमुखांनी जॉन चिलेम्ब्वेचं नावही काढलं नाही. तो ड्रायव्हरने सांगितला, ५०० क्वाचाची नोट हातात धरून. चिराद्झुलूचा पाळक, अमेरिकेत शिकून १९०० साली परतलेला. १९१५ च्या जानेवारीत वसाहतवाल्यांविरुद्ध उठला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मारला गेला, आणि त्याने बांधलेलं चर्च सरकारने सुरुंग लावून उडवलं. नोटेवर त्याचं चित्र आहे. मिशनच्या सहलीत ही गोष्ट गाडीच्या पुढच्या सीटवर बसलं तरच ऐकायला मिळते, म्हणून पुढची सीट धरा.

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन स्वयंपाकघर, ड्रायव्हर आणि आरोग्य केंद्राचे. संस्थेला एक, तोही मला अखेर मनासारखं काम करू दिलं म्हणून. जायचं असेल तर पैसे भरण्याआधी तिथल्या माणसाशी, म्हणजे केंद्राच्या किंवा शाळेच्या प्रमुखाशी, थेट बोलायला मागा. काय अडलंय ते त्यांना विचारा. संस्था नंबर द्यायला टाळाटाळ करू लागली तर तेवढंच उत्तर समजा. आणि स्वेटर न्या.

सप्टेंबरात कारकुनाचा मेसेज आला. जूनची बिलं मंजूर झाली, दोन परत आली. दोन्हींवर गावाचं नाव नव्हतं, आणि दोन्हींवर अक्षर माझं होतं.